मदत हवी आहे: मावसभावाचं गर्द (ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) सोडवायचंय (दापोली तालुका)

नमस्कार. मी मुंबईत नोकरीला, घर हर्णैजवळ. मावसभाऊ 23 वर्षांचा, बोटीवर खलाशी. गांजा ओढतो हे घरात ठाऊक होतं आणि 'बोटीवरची पोरं ओढतातच' म्हणून सोडूनही दिलं होतं. गणपतीत माळ्यावरची जाळी काढताना मागे चांदीच्या कागदाचे तुकडे सापडले, प्रत्येकावर मधोमध करपट रेघ. विचारलं तर गर्द म्हणाला. मिळालं नाही की नाक गळतं, जांभयांवर जांभया येतात, भर उकाड्यात गोधडी घेऊन पाय आपटत पडतो. 'दादा, टर्की लागलीय,' इतकंच बोलतो; टर्की म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा हा त्रास.

2023 च्या ऑगस्टमध्ये कर्दे, केळशीच्या किनाऱ्याला चरसची पाकिटं वाहून आली होती. तेव्हापासून कुणापाशी विषय काढला की पहिला प्रश्न, 'त्यातलंच काय?' अहो, चरस वेगळं, गर्द वेगळं. आणि याला ते वाळूत सापडत नाही, ओळखीचा पोरगा आणून देतो.

मावशी म्हणते देवाला कौल लावू. खुशाल लावू दे, गाऱ्हाणं घालून तिला धीर येत असेल तर माझी हरकत नाही. पण गावात बोभाटा होईल म्हणून ती डॉक्टरकडे नेऊ देत नाही, तिथे घोडं अडलंय. त्यात बोटमालकाकडून उचल घेतलेली, तो म्हणतो हंगाम संपू दे, मग न्या. म्हणजे थेट पुढच्या जूनची मासेमारी बंदी! तोवर थांबायचं?

सरकारी दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होते का? एका केंद्राची माणसं जीप घेऊन येतात आणि उचलून नेतात म्हणे, ते करावं का? की चार दिवस खोलीत कोंडून घरीच सुटतं?

प्रतिसाद १
पोलिसांचं आधी सांगतो. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात कलम 64अ आहे. स्वतः सेवन करणारा माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाबद्दल खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट टाकले तर ते काढून घेता येतं. विकणाऱ्याला ही सवलत नाही, तेव्हा तो दुसऱ्यांना पुड्या पोचवत नाही ना, हे आधी नीट विचारा.
जीपवाल्यांच्या नादी लागू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. मनाविरुद्ध दाखल करायचं तर तज्ज्ञांची तपासणी लागते, मुदतही ठरलेली असते.

प्रतिसाद २
मी यातून गेलोय, म्हणून कोंडण्याबद्दल लिहितो. टर्की काही दिवसांत उतरते, ओढ उतरत नाही. मधे खंड पडला की शरीराची सवय मोडते, मग पोरगा बाहेर पडून पहिल्याइतकंच घेतो आणि श्वास थांबून जातो. असे गेलेले पाहिलेत. दारूही पीत असेल तर घरी बंद करूच नका, फिट येऊ शकते. टर्कीवर औषधं आहेत, ती मानसोपचार डॉक्टरच देतात. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे चौकशी करा. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय. 14446 हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर, आधी तिथे बोलून घ्या.
जूनपर्यंत थांबू नका. उचल फेडता येते. आणि त्याच्या हातात रोख देणं आजच बंद करा, मावशी चोरून देत असणार.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मावशी पैसे देते खरी, काल विचारलं तर रडायला लागली. तो यायला तयार आहे, सोमवारी रत्नागिरीला नेतोय. मालकाशी मी बोलतो. पण मावशीशी फोनवर कुणी बोलेल का? शक्यतो बाईमाणूस, जिच्या घरात हे होऊन गेलंय. माझं ती ऐकत नाही, म्हणते, 'तू मुंबईत राहतोस, तुला गावात तोंड दाखवायचं नाही.' व्यनि (खाजगी निरोप) करा.