गुकेश-डिंग: घड्याळाचं काय?
२०२४ची सिंगापूरची बुद्धिबळ जगज्जेतेपदाची लढत, भारताचा गुकेश विरुद्ध तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग. त्याआधी "रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) बघा, गुकेश सहज मारणार" असं दोघांनी लिहिलं होतं. फॉर्म त्याचाच होता, मान्य. पण 'सहज' नाही पटलं. क्लासिकलमध्ये (लांब वेळेच्या डावांत) दोघं तोवर ३ डाव खेळले होते, त्यात डिंगचे २ विजय, १ बरोबरी. विजयांत गुकेशची पाटी कोरीच.

शिवाय सिंगापूरचं घड्याळ कुणी बघितलंच नव्हतं. पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं, आणि दर चालीला ३० सेकंदांची वाढ थेट ४१व्या चालीपासून! पस्तिसाव्या चालीला दोन मिनिटं उरली की काय होतं ते आम्ही क्लबात भोगलंय (जिंकलेला डाव घालवून). १४ डावांत गुण ७-७ झाले असते तर जलद (कमी वेळेच्या डावांचा) टाय-ब्रेक होता. २०२३ला अस्तानातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत रशियाच्या नेपोला (नेपोम्निआची) डिंगनं टाय-ब्रेकमध्येच हरवलं, तेही काळी मोहरी घेऊन.