चर्चमध्ये बोलायचंय, ख्रिस्ती वकील सुचवा

वसईकर वकील: युवक मंडळात दहा मिनिटं बोलायचंय. घर, चर्च, कोर्ट सांभाळताना माझीच दमछाक होते. लोकांसाठी झिजलेला आपला वकील हवा. इंग्लंडचा संत वकील थॉमस मोर नको, दरवेळी तोच.

माझगावची सून: जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा! माझगावच्या माथारपाखाडीतले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळ ख्रिस्ती, जन्म १८६४. आधी वनखात्यात इंजिनीअर, मग केंब्रिजला शिकून बॅरिस्टर. १९१६ मध्ये स्वराज्य मागणाऱ्या टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष. १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आताचे महापौर. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचंच नाव. फिरायला येणारे मात्र पाटी वाचत नाहीत.

गिरणगावकर: कामगार विसरू नका हो. १९२० ला आयटक, म्हणजे कामगार संघटनांची देशव्यापी संघटना, उभी करणाऱ्यांत काका होते. नाहीतर टिळकांवरच सगळा वेळ घालवाल.

वसईकर वकील: ठरलं. सुरुवात कामगारांपासून.