कुंडीतला अरोकेरिया
ख्रिसमसला सजवायला प्लास्टिकच्या झाडापेक्षा कुंडीतलं जिवंत झाड बरं, असं म्हणतात ते पटतं. पण नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून बहुधा मिळतो तो अरोकेरिया; दरवर्षी तोच सजवायचा तर जपावा लागतो. माती पार सुकली की खालच्या फांद्या तपकिरी होऊन गळतात आणि तिथे पुन्हा फुटत नाहीत. म्हणून वरची इंचभर माती कोरडी लागली की पाणी. ताटलीत मात्र साचू द्यायचं नाही, मुळं कुजतात. माळ हलकी, एलईडीची. खोट्या बर्फाचा फवारा तर नकोच. घरात आठ-दहा दिवस पुरे, मग बाहेर काढताना आधी आठवडाभर सावलीत.

उंची आवरायला शेंडा छाटू नका, आकार कायमचा बिघडतो. जमिनीत लावणार असाल तर वर विजेच्या तारा नाहीत ना बघा: पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावर, म्हणजे त्याच्या माहेरी, हे झाड 50 मीटरहूनही उंच जातं!