मदत हवी आहे: क्लॅरिनेट मधल्या बी वर चिरकतो, पावसात रीड टिकत नाही (शाळेचा बँड, नाशिक)

वाचनवेडी_इंदिरानगर

नववीत आहे, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. वाद्य शाळेचं आहे. बी फ्लॅट, काळं, वजनाला हलकं, म्हणजे लाकडी नसावं. रीड (फुंकायच्या टोकावरची पातळ पट्टी) २ नंबरची.

१) खालचे स्वर बरे येतात. मधले जी, ए, बी फ्लॅट घोगरे, पण येतात. तिथून पुढच्या बी वर गेलं की तीनपैकी दोनदा चिरकतो. ओठ घट्ट धरले तर जास्तच.
२) जुलै लागल्यापासून रीडचं टोक लाटेसारखं वाकडं होतं. आठवड्यात रीड बाद.
३) सराव फ्लॅटमध्ये. खालच्या मजल्यावरून तक्रार आहे. खालच्या भोंग्यात मोजा कोंबून पाहिला, काही फरक नाही.
४) शाळेतून थेट वाचनालयात जाते, त्यामुळे पुस्तक आणि वाद्य एकाच सॅकमध्ये. वाचनालयाच्या एका पुस्तकाला ओल लागून कडा फुगली आहे. परत करण्याआधी काय करू?

१५ ऑगस्टला राष्ट्रगीत आणि चालत वाजवायची एक धून आहे. हातात चार आठवडे.

जुनी_सनई

ओठांना शेवटी दोष दे. क्रम असा ठेव: रीड, मग पॅडं (चाव्यांखालच्या, भोकं बंद करणाऱ्या गाद्या), मग बोटं, मग ओठ. उलट्या क्रमाने गेलीस तर चुकीच्या सवयी लागतात.

रीड. माउथपीसच्या टोकाशी रीडच्या वर केसाएवढी काळी रेघ दिसली पाहिजे. रीड वर सरकली किंवा तिरकी बसली तर चिरकणारच. लिगेचर (रीड बांधणारा पट्टा) माउथपीसवर कोरलेल्या रेघेच्या खाली हवं, खालचा स्क्रू बेताचा घट्ट आणि वरचा त्याहून सैल. दोन्ही आवळले तर रीड हलत नाही आणि आवाज कोंडतो.

आता फक्त माउथपीस आणि बॅरल (त्याखालचा छोटा तुकडा) जोडून वाजव. घरी पेटी (हार्मोनियम) असेल तर काळी तीन लाव, तुझा सूर तिच्याशी जुळायला हवा. खाली गेला तर ओठ सैल आहेत, वर गेला तर चावते आहेस. ही तपासणी रोज दोन मिनिटं कर, आरशापेक्षा खरं सांगते.

मधल्या बी चं कोडं समजून घे. बासरीत फुंक वाढवली की त्याच नावाचा स्वर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून डाव्या अंगठ्याची रजिस्टर चावी दाबली की सा चा वरचा सा येत नाही, वरच्या सप्तकातला प येतो. बी फ्लॅट जवळजवळ उघड्या नळीचा स्वर आहे आणि लगेच पुढचा बी सगळी भोकं बंद करून येतो. एका क्षणात नऊ बोटं बसायची. एकही अर्धं बसलं की चीत्कार.

म्हणून खालून चढ. आधी खालचा एफ लांब धर, फुंक न बदलता अंगठ्याने फक्त रजिस्टर चावी दाब, सी येईल. तो दहादा स्वच्छ आला की खालचा ई धर आणि तसंच कर, बी येईल. हे जमलं की मग ए पासून बी वर ये, पण जी-ए वाजवतानाच उजव्या हाताची बोटं आपापल्या भोकांवर ठेवून दे. त्या स्वरांना त्याने धक्का लागत नाही आणि उडी अर्धी होते.

पॅड_आणि_स्प्रिंग

वरच्याशी सहमत, पण पॅडांकडे आधी बघ. शाळेच्या वाद्यात दोष बहुधा तिथेच असतो.

वरचा तुकडा सुटा कर. डाव्या हाताची बोटं भोकांवर, खालचं टोक तळहाताने बंद, वरून हवा ओढ. ओढ दोन-तीन सेकंद टिकली तर ठीक, लगेच सुटली तर गळती. खालच्या तुकड्याला असंच, पण दोन्ही करंगळ्यांच्या मोठ्या पॅडांच्या चाव्या कोणाकडून तरी दाबून घे.

जोडताना वरच्या तुकड्याच्या भोकांभोवतीच्या कड्या दाबून धर म्हणजे दोन तुकड्यांमधला पुलासारखा दुवा उचलला जातो. न दाबता पिळलं की तो वाकतो आणि सगळं गणित बिघडतं. बुचाला कॉर्क ग्रीसच लाव. व्हॅसलिन नको, त्याने बूच हळूहळू सुटतं.

काळी_पाच

रीडबद्दल. एकच रीड रोज वाजवू नकोस. चार घे, सपाट बाजूला पेन्सिलने १ ते ४ लिही आणि आळीपाळीने वापर. नवी असेल तर पहिले तीन-चार दिवस पाचच मिनिटं. वाजवण्याआधी साध्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट (तेवढ्यात दोन पानं वाचून होतात). नंतर धुऊन, बुडाकडून टोकाकडे पुसून काचेच्या सपाट तुकड्यावर ठेव. टोक लाटेसारखं होतं कारण बोरूसारख्या गवताची ती पट्टी एका बाजूने आधी सुकते. माउथपीसवर लावलेली ठेवून पेटी बंद केली की हेच होणार, वर बुरशीही. लाट आलेली रीड पाण्यात पुन्हा भिजवून काचेवर अंगठ्याने दाबून धर, बरेचदा सरळ होते.

आणि २ ऐवजी अडीच घे. मऊ रीड वरच्या स्वरांत दबून चिरकते.

जुनी_सनई

अडीच आत्ताच नको. गळती असताना कडक रीड घेतली तर फुंक वाढवून दोष झाकला जाईल. आधी वाद्य दुरुस्त, मग रीड.

मोज्याचं म्हणशील तर त्याचा उपयोगच नाही. आवाज भोंग्यातून नव्हे, पहिल्या उघड्या भोकातून बाहेर पडतो. भोंगा फक्त अगदी खालच्या स्वरांना लागतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याकडे तोंड करून बस, पायाखाली गोधडी टाक. खालच्या मजल्याशी वेळ ठरवून घे, रात्री दहा ते सकाळी सहा नियमानेही नको. बोटांचा सराव न फुंकता होतो, स्वरांची नावं तोंडाने म्हणत.

कपाट_क्रमांक_सात

पुस्तकाचं मी सांगते. उन्हात ठेवू नकोस, इस्त्री तर अजिबात नको. पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी थोडी उघड, दर पंधरा-वीस पानांनंतर कोरा शोषक कागद घाल (छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते), पंखा दुरून लाव. कागद ओलसर झाले की बदल. पानं कोरडी लागली की दोन दिवस जड पुस्तकांखाली. गुळगुळीत चकचकीत पानं असतील तर आज रात्रीच हात घाल, ती सुकताना एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. काउंटरवर ओल लागल्याचं आपणहून सांग. सावानासारख्या (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) १८४० पासूनच्या संस्थेत बुरशी एका पुस्तकातून शेजारच्यात गेली तर काय होईल, विचार कर.

पुढे सॅकमध्ये पुस्तक झिपच्या पिशवीत. वाद्य पुसायचं ओलं फडकं वाद्याच्या पेटीतही नको, बाहेरच्या कप्प्यात.

वाचनवेडी_इंदिरानगर

तपासलं. वरच्या तुकड्याची ओढ टिकते. माउथपीस-बॅरलचा सूर काळी तीनशी जुळतो. पण खालचा ई थेट लावला तर येतच नाही, जोर द्यावा लागतो. एफ मात्र सहज येतो.

पॅड_आणि_स्प्रिंग

मग सापडलं बहुतेक. डाव्या करंगळीने ई ची चावी दाब आणि त्याच वेळी उजव्या करंगळीने एफ ची. ई लगेच बोलला का?

वाचनवेडी_इंदिरानगर

हो! आणि तसंच धरून वरचा बी पण स्वच्छ आला.

पॅड_आणि_स्प्रिंग

खालच्या तुकड्यावर करंगळीच्या चाव्यांच्या टोकाशी कावळ्याच्या पायासारखा धातूचा फाटा असतो. ई ची चावी दाबली की त्याने एफ चं पॅडही सोबत बंद करायचं. तुझा फाटा किंचित वाकलाय, एफ चं पॅड केसभर उघडं राहतं. खात्रीसाठी दोन्ही पॅडांखाली पातळ कागदाची पट्टी घालून चावी दाब आणि ओढ. एक धरेल, दुसरी सुटून येईल.

स्वतः वाकवू नकोस, चावी तुटली तर वाद्य शाळेचं आहे. सरांना दाखवून बँडवाद्यांच्या कारागिराकडे ने. चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे त्याला आत्ता वेळ असेल. गणपती जवळ आले की नसेल. तोवर बी ला दोन्ही करंगळ्या.

काळी_पाच

अडीचचा सल्ला मागे घेते. १५ ऑगस्टसाठी इतकंच: राष्ट्रगीत ५२ सेकंदांत बसलं पाहिजे, मोबाइलवर वेळ लावून वाजव. तेज चाल मिनिटाला १२० पावलं, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) त्यावर ठेवून आधी जागेवर पावलं टाकत वाजव, मग चालत. टाच आपटलीस तर माउथपीस दातावर आदळतो आणि सूर तुटतो, गुडघे किंचित सैल ठेव. मैदानावर सकाळी वाद्य गार असतं, सूर खाली लागतो. बॅरल आत ढकलायची घाई करू नकोस. आधी न वाजवता आतून गरम फुंक मार, पाचेक मिनिटं वाजव आणि मग बाकीच्यांशी जुळव. खिशात दोन रीड ठेव, दोन्ही आधी वाजवून रुळलेल्या. त्या दिवशी नवी रीड काढू नकोस.