झिंक क्रोमेट, इंटिरिअर ग्रीन, राखाडी हिरवा : कॉकपिटच्या रंगांना मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी पाच विमानांची प्लॅस्टिक मॉडेल्स जोडायला घेतली आहेत : स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट १०९, जपानी झिरो आणि आपल्या हवाईदलाचं मिग-२१. काही १:७२ मापाची (म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी), काही १:४८. प्रत्येकापुढे एक पाटी मराठीत आणि एक कन्नडात लावायची आहे. कन्नडचं काम आमच्या सहकारी मॅडम बघतायत, मराठीचं माझ्याकडे.

गाडी अडली आहे कॉकपिटच्या रंगांपाशी. खोक्यांतल्या कागदांवर झिंक क्रोमेट, इंटिरिअर ग्रीन, ग्रे ग्रीन, कॉकपिट ग्रीन अशी चार नावं आहेत. मुलांनी चारही ठिकाणी सरळ "हिरवा" लिहून टाकलं. रंगाच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर एकही दुसरीसारखी नाही. मराठीत या छटा वेगळ्या दाखवणारे शब्द आहेत का? की इंग्रजी नावंच देवनागरीत लिहावीत? आणि "झिंक क्रोमेट" हे नेमक्या कुठल्या रंगाचं नाव?

उत्तर (उद्यमबाग)

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझा धंदाच प्रायमर आणि रंगाचा आहे. झिंक क्रोमेट हे रंगाचं नाव नव्हे, पदार्थाचं नाव आहे. जस्ताचं क्रोमेट. त्याची पूड मुळात लिंबासारखी पिवळी असते. ॲल्युमिनियम गंजू नये, आणि वरचा रंग पत्र्याला नीट धरावा, म्हणून ते अस्तरात घालतात.

आता आपल्याकडची गंमत बघा. बेळगावात कुठल्याही पेंटच्या दुकानात जाऊन नुसतं "झिंक क्रोमेट द्या" म्हणालात तर बहुतेक वेळा विटकरी रंगाचा डबा हातात पडेल. त्यावर "रेड ऑक्साईड झिंक क्रोमेट प्रायमर" असं लिहिलेलं असतं. लोखंडी गेट, ग्रिल, शेडच्या कैच्या यांना मारतात तो. त्यात लोखंडाचा तांबडा ऑक्साईड मुख्य, म्हणून तो विटकरी. दुकानदाराचं काही चुकत नाही, त्याच्या भाषेत झिंक क्रोमेट तेच. पिवळा हवा असेल तर "पिवळा झिंक क्रोमेट, ॲल्युमिनियमला मारायचा" असं पूर्ण सांगावं लागतं. तेव्हा मुलांच्या पाटीवर रंग म्हणून "झिंक क्रोमेट" एवढंच लिहू नका. आमच्या उद्यमबागेतला कामगार पालक ते वाचेल आणि त्याच्या डोळ्यांपुढे विटकरी येईल.

मग अमेरिकन विमानातला हिरवा, म्हणजे तुमच्या कागदावरचा इंटिरिअर ग्रीन, कुठून आला? त्याच पिवळ्यात काजळी मिसळून. पिवळ्यात काळा पडला की तो हिरवट दिसायला लागतो. आमच्या दुकानात पिवळ्या डब्यात काळ्या स्टेनरचे दोन थेंब जास्त पडले की लगेच कळतं. असं का करायचे? एक तर पहिला हात पिवळा आणि दुसरा हिरवट ठेवला की कुठे हात मारायचा राहिलाय ते दिसतं. दुसरं, वैमानिकाच्या आजूबाजूला भडक पिवळा नको, ऊन पडलं की डोळ्यांना त्रास. म्हणून कॉकपिटमध्ये गडद हिरवा आणि आतल्या झाकलेल्या भागांत बरेचदा पिवळाच.

उत्तर (शहापूर)

सर, मराठीत शब्द नाहीत असं अजिबात नाही. आमच्या घरी तीन पिढ्या लुगड्या-साड्यांचा व्यवहार आहे. गिऱ्हाईक बाई कधी नुसता "हिरवा" मागत नाही. पोपटी, पिस्ता, मेंदी, शेवाळी, बाटली, मोरपंखी असं मागते, आणि आम्ही गठ्ठ्यातून बरोबर तोच नग काढतो. करड्याचंही तसंच : राखाडी वेगळा, पारवा वेगळा, धुरकट वेगळा. पारव्यात निळ्याची झाक असते, पक्ष्याची मान आठवा. राखाडीत ती नसते. कन्नड गिऱ्हाईकही "बूदु" म्हणतं ते बूदीवरून, म्हणजे राखेवरूनच. त्यामुळे तुमच्या दोन्ही पाट्यांची जोडी छान जमेल.

पण माझं सांगणं जरा निराळं आहे. एकेका छटेसाठी नवा शब्द शोधत बसू नका, जोडशब्दाचा क्रम सांभाळा. मराठीत शेवटचा शब्द मुख्य आणि आधीचा त्याची झाक. "राखाडी हिरवा" म्हणजे हिरवाच, पण राख मिसळल्यासारखा मंद. "हिरवट राखाडी" म्हणजे राखाडीच, पण हिरव्याकडे झुकलेला. हे दोन एक नव्हेत. माझ्या दुकानात यांची अदलाबदल केली तर साडी परत येते.

झाक दाखवायला प्रत्यय आहेतच : काळसर, निळसर, पिवळसर, तांबूस, हिरवट, काळपट. फक्त एक जपा. "पिवळसर" म्हटलं की नुसती झाक कळते, "पिवळट" म्हटलं की काहीतरी विटलंय, जुनं झालंय असा वास येतो. तुमच्या पाटीवर "पिवळसर" हवं. "हिरवसर" मात्र कोणी म्हणत नाही, तिथे "हिरवट"च चालतं आणि त्यात कमीपणा नाही.

टिळकवाडी

ताई, हे फारच कामाचं आहे. म्हणजे "ग्रे ग्रीन" ला "राखाडी हिरवा", बरोबर? मग जर्मन विमानाच्या कागदावर "ग्राऊ" म्हणजे करडा लिहिलंय आणि बाटलीतला रंग मात्र हिरवट दिसतो, त्याचं काय करायचं?

उत्तर (निपाणी)

सर, इथे शब्दाआधी विमान बघावं लागतं. मी कित्येक वर्षं ही मॉडेल्स करतोय आणि माझं ठाम मत आहे की "कॉकपिटचा रंग" असा एक रंग कधीच नव्हता. कोणाचं विमान, कुठल्या साली, कुठल्या कारखान्यात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ब्रश बुडवू नये.

स्पिटफायर घ्या. ब्रिटिश विमानांच्या आतल्या रंगाचा प्रमाण क्रमांक बीएस २८३, नाव "एअरक्राफ्ट ग्रे ग्रीन". ताईंच्या नियमाप्रमाणे राखाडी हिरवा. बाटली शेजारी धरून बघा, मराठी नाव चपखल बसतं. पण सगळं आत त्याच रंगाचं नव्हे. उपकरणांची पाटी काळी. आणि आसन बऱ्याच स्पिटफायरमध्ये धातूचं नसून रेझिन मुरवलेल्या कागदाच्या थरांचं दाबून केलेलं होतं, त्याचा स्वतःचाच रंग तांबूस तपकिरी. मुलं आसनही हिरवं रंगवतात आणि आत बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. आसन तेवढं वेगळं करा, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

मस्टँगमध्ये अमेरिकन "इंटिरिअर ग्रीन". दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्कर आणि नौदल दोघांच्या सामाईक यादीत तो एएनए ६११ होता. हा पिवळ्यातून आलेला, म्हणून याला "पिवळसर गडद हिरवा" म्हणा किंवा ताईंचा "शेवाळी" वापरा, मला शेवाळी आवडतो. पी-५१ डी या मस्टँगच्या प्रकारात पायाखालची लाकडी फळी काळी. चाकांच्या खोबणीत काही भागांवर तो मूळचा पिवळा झिंक क्रोमेट. म्हणजे एकाच विमानात उद्यमबागच्या दादांनी सांगितलेले दोन्ही हात बघायला मिळतात.

आता जर्मन. आरएलएम म्हणजे त्यांचं हवाई मंत्रालय, रंगांचे क्रमांक त्याचे. आरएलएम ०२ चं नाव "ग्राऊ", पण डोळ्याला तो हिरवट राखाडी दिसतो. कागद खोटा नाही आणि डोळाही खोटा नाही. नाव मंत्रालयाने दिलं, छटा डब्यात आहे. मेसरश्मिट १०९ च्या ई प्रकारात आत ०२ असायचा. १९४१ च्या सुमारास कॉकपिटसाठी आरएलएम ६६ आला, "श्वार्त्सग्राऊ", शब्दशः काळा-करडा. जी प्रकार करत असाल तर काळसर राखाडी लिहा. ई आणि जी बाहेरून मुलांना सारखेच वाटतात, खोक्यावरचं अक्षर वाचायला सांगा.

झिरो सगळ्यांत अवघड. रचना मित्सुबिशीची, पण निम्म्याहून जास्त विमानं नाकाजिमाच्या कारखान्यात बांधली गेली, आणि दोघांच्या कॉकपिटचा हिरवा वेगळा. दोन्हीही ब्रिटिश हिरव्यासारखे नव्हेत. इथे बाटलीवरचं नाव दगा देतं. हंब्रोल आणि तामिया या मॉडेलचे रंग करणाऱ्या कंपन्या. हंब्रोल ७८ चं नाव "कॉकपिट ग्रीन" आणि तामिया एक्सएफ-७१ चंही नाव "कॉकपिट ग्रीन". पहिला ब्रिटिश विमानांसाठीचा, दुसरा जपानी नौदलाचा. नाव एक म्हणून एकाच बाटलीत स्पिटफायर आणि झिरो दोन्ही उरकली तर एक नक्की चुकणार.

झिरोच्या आतल्या झाकलेल्या भागांत आणखी एक प्रकार असतो, "आओताके". आरपार दिसणारं निळसर हिरवं लाखेसारखं लेपण, चकचकीत पत्र्यावर चढवलेलं. जपानीत "ताके" म्हणजे बांबू आणि "आओ" हा शब्द निळा आणि हिरवा दोन्हींसाठी चालतो. यासाठी आधी चंदेरी रंग द्या आणि वाळल्यावर पारदर्शक निळा-हिरवा पातळ करून मारा. त्या आरपार दिसण्यासाठी मराठीत "झाक" हा शब्द अगदी नेमका आहे : चंदेरीवर निळसर हिरवी झाक.

उत्तर (खानापूर)

मिग-२१ बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझे मामा हवाईदलात होते, सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमधून शिकून गेलेले. नंतरच्या मिग-२१ मध्ये आणि मिग-२३ मध्ये आतून जो रंग दिसतो त्याला ते "फिरोजी" म्हणायचे. कोणी मोरपंखीही म्हणतं. कुठला बरोबर? दुसरं म्हणजे हे विमान परदेशी म्हणून पाटीवर लिहू नका, आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलने ती बांधलीत की.

उत्तर (शहापूर)

फिरोजी. मोरपंखी जास्त गडद आणि त्यात निळा-हिरवा दोन्ही खोल असतात, उजेडात तो फिरतो. फिरोजी उघडा, खुला, थोडा दुधी. चित्रात कॉकपिट बघितलं, सपाट आणि खुला रंग आहे. मामांचा शब्द ठेवा.

उत्तर (निपाणी)

मलाही फिरोजी पटतो. फक्त सर, खोक्यावर कुठला मिग-२१ आहे ते बघा. एफएल हा आधीचा, बिस आणि बायसन नंतरचे. सगळ्यांना एकच रंग लावू नका, आपल्या प्रकाराचे फोटो बघून ठरवा. आणि पाटीवर सेवेचा काळ लिहिणार असाल तर शेवट लिहायला विसरू नका : २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला समारंभाने मिग-२१ निवृत्त झालं. आमच्या पिढीने आयुष्यभर आकाशात बघितलेलं विमान आहे ते, मुलांना ती तारीख माहीत हवी.

जाता जाता क्रमांकांचं सांगतो, कारण पुढे कधी अमेरिकन जेट केलंत तर लागेल. एफएस (अमेरिकन सरकारचं रंगांचं प्रमाण) ३४१५१ असा पाच आकडी क्रमांक दिसतो ना, त्यातला पहिला आकडा चमक सांगतो : १ चकचकीत, २ मध्यम, ३ मॅट. दुसरा रंगाचा गट सांगतो : ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा. उरलेले तीन आकडे गटातला उजळपणा, जितका मोठा तितका फिका. म्हणजे ३४१५१ हा मॅट हिरवा, गडदाकडचा. आणि ३६२३१, जो पुढच्या काळातल्या कितीतरी अमेरिकन जेटच्या कॉकपिटमध्ये आहे, तो मॅट करडा. शब्दाने गोंधळ झाला तरी हा आकडा फसवत नाही, म्हणून पाटीवर मराठी नाव आणि पुढे क्रमांक, असं दोन्ही ठेवा.

उत्तर (उद्यमबाग)

सर, मुलांच्या हातचं काम आहे म्हणून दोन गोष्टी माझ्याकडून. खरा झिंक क्रोमेट प्रायमर मॉडेलवर वापरू देऊ नका, "अस्सल रंग" म्हणून कोणी आणला तरी. त्यातलं क्रोमियम विषारी आहे, कर्करोगाला कारण होतं. मॉडेलचे ॲक्रेलिक रंग घ्या, छटा तीच मिळते.

दुसरं, रंग थेट विमानात लावू नका. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग व्हरांड्यात दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाईटखाली राखाडी हिरवा आणि हिरवट राखाडी जवळजवळ एकच दिसतात, ताईंचा सगळा फरक तिथे पुसला जातो. १:७२ मध्ये कॉकपिट अंगठ्याच्या पेराएवढं, वर काच बसली की आत अंधार. त्यामुळे काळसर राखाडीत थोडा पांढरा मिसळून एक पायरी उजळ करा, नाहीतर मुलांनी आत काय केलंय ते कोणालाच दिसणार नाही. १:४८ ला तेवढी गरज नाही.

टिळकवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पिटफायरची पाटी अशी केली आहे, बघा :

"स्पिटफायर. आतल्या भिंती राखाडी हिरवा रंगाच्या (बीएस २८३). उपकरणांची पाटी काळी. आसन तांबूस तपकिरी, रेझिन मुरवलेल्या कागदाचं."

उत्तर (शहापूर)

"राखाडी हिरव्या रंगाच्या" करा, सर. राखाडी, फिरोजी, हिरवट, काळसर हे शब्द कुठेही तसेच राहतात, पण हिरवा, पिवळा, करडा, पारवा बदलतात : हिरव्या, पिवळ्या, करड्या, पारव्या. जोडशब्दात शेवटचा बदलणारा असेल तर तेवढाच बदलायचा. म्हणून मेसरश्मिटच्या पाटीवर "हिरवट राखाडी रंगाच्या भिंती" असंच राहील आणि मस्टँगच्या पाटीवर "पिवळसर गडद हिरव्या भिंती" होईल. शेवाळी लिहिलंत तर काहीच बदलायला नको.