वाळूवर ॲसिड टाकलं, गॅस आला, काडी विझली. मग सीओटूच ना?

खारावारा_रत्नागिरी: मुलीचं नववीचं प्रॅक्टिकल, मीठ वाळू लोहकीस नवसागर (अमोनियम क्लोराइड) मिसळून वेगळं करायचं. म्हटलं वाळू विकत कशाला, मांडवीच्या किनाऱ्यावरून आणू मूठभर. तर लोहकीस काढून झाला तरी चुंबकाला काळे कण चिकटतच राहिले, संपायचं नावच नाही, आणि शेवटी धुतलेल्या वाळूवर डायल्यूट एचसीएल (पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड) टाकलं तर फसफसून गॅस आला, जळती काडी धरली तर विझली. मुलगी म्हणते सीओटू, तिची मैत्रीण म्हणते नायट्रोजन पण असेल. कोण बरोबर?

निवृत्त_मास्तर: मैत्रिणीची शंका रास्त आहे, काडी नायट्रोजनमध्येही विझते. पण इथे नायट्रोजन येणार कुठून? वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर ॲसिड पडलं की सीओटू. खात्री करायची तर चुन्याची निवळी लागेल. पानाचा साधा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या आणि नळीने गॅस त्यात सोडा, दुधाळ होईल. लगेच थांबा हो! गॅस सोडतच राहिलात तर बायकार्बोनेट होऊन पाणी परत नितळ होतं आणि पोरं म्हणतात काहीच झालं नाही.

माडबन: काळे कण म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचं चुंबकाला चिकटणारं खनिज, आपल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट या दुसऱ्या काळ्या खनिजाबरोबर ते असतंच. प्रॅक्टिकलला नदीची वाळू घ्या नि चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, नायतर खरवडत बसाल. आणि लोहकीस पूर्ण निघाला होता ना? राहिला असेल तर ॲसिडने हायड्रोजन पण येतो, काडी नेली की फट् वाजतो.

शिरोडकरीण: क्रम चुकवू नका पण. चुंबकानंतर आधी तापवून नवसागर उडवायचा, वर उलटं नरसाळं, तोंडाला कापूस. आधी पाणी घातलंत तर मीठ आणि नवसागर दोन्ही विरघळून बसतील. उरलेला नवसागर टाकू नका, चिमूटभर ओल्या चुन्यात कालवून जरा गरम करा, नाकात झणका जातो तो अमोनिया, ओला लाल लिटमस वर धरला तर निळा होतो. लांबूनच वास घ्या.

खारावारा_रत्नागिरी: निवळी झाली दुधाळ 👍 मैत्रीण अजून मानत नाही, म्हणते फुंकर मारली तरी दुधाळ होते मग आपल्या श्वासातलाच सीओटू गेला नसेल कशावरून?

निवृत्त_मास्तर: हुशार आहे! बुचाला नळी लावून, कोणीही न फुंकता परत करा, आणि शेजारी नुसती निवळी तेवढाच वेळ उघडी ठेवा. ती नितळ राहिली आणि नळीची दुधाळ झाली, तर सीओटू वाळूतूनच आला.