मदत हवी आहे: बोरोसिलिकेट बेकिंग डिश कस्टम्स वर्गीकरणाच्या (एचएस) कोड ७०१३.४२ मध्ये की ७०१३.४९ मध्ये?

बोरोसिलिकेट काचेच्या बेकिंग डिश आहेत, प्लास्टिकच्या झाकणासह. झाकणाची अडचण नाही, वस्तूचं मूळ स्वरूप काचेनंच ठरतं. माल भरून पाठवायची भांडी नाहीत, म्हणून अशा भांड्यांचं शीर्षक ७०१० बाद. अडलंय उपशीर्षकात. ७०१३.४२ साठी ०° ते ३००° सेल्सिअसदरम्यान रेषीय प्रसरणांक (तापल्यावर काच किती पसरते त्याचं माप) दर केल्विनला दशलक्षात ५ पेक्षा जास्त नको, नाहीतर ७०१३.४९. पुरवठादाराचा आयएसओ ७९९१ (काचेचं प्रसरण मोजायची प्रमाणित पद्धत) अहवाल ३.३ दाखवतो, पण २०° ते ३००° साठी. ‘ओव्हनप्रूफ’ लेबल पुढे करण्यात अर्थ नाही. टेम्पर्ड सोडा-लाइम (साध्या) काचेवरही ते असतं आणि तिचा प्रसरणांक ९ च्या आसपास जातो. ०° पासूनची चाचणी द्यायला कारखाना तयार नाही.

२०° पासूनचा अहवाल कस्टम्सनं ७०१३.४२ साठी ग्राह्य धरल्याचा कुणाला अनुभव आहे का, की माल निघण्याआधीच अ‍ॅडव्हान्स रूलिंग (वर्गीकरणाचा आगाऊ अधिकृत निर्णय) मागवावं?